अँटिजेन, अँटिबॉडी आणि रिपोर्टवरची कोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पावसानं जोर धरला की लॅबच्या खिडकीशी दोन रांगा लागतात. एक रक्त द्यायची, दुसरी रिपोर्ट उलटसुलट करत "म्हणजे नक्की झालंय काय?" असं विचारायची. हे पान दुसऱ्या रांगेसाठी आहे. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, रिपोर्ट तपासून सही करणं हे माझं काम. त्यामुळे इथली उत्तरं तपासणीच्या बाजूनं दिली आहेत. औषध कोणतं, दाखल व्हायचं का, हे तुमचे डॉक्टर पेशंटला बघून ठरवतील. नुसता कागद बघून मी ते सांगणार नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगत असेल तर त्यांचंही ऐकू नका.

अँटिजेन म्हणजे विषाणूच ना?

नाही. आपली प्रतिकारयंत्रणा ज्या तुकड्याला ओळखते, ज्याला अँटिबॉडी किंवा टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतली एक पांढरी पेशी) जाऊन चिकटते, तो तुकडा म्हणजे अँटिजेन. तो विषाणूचा असेल, जिवाणूचा असेल, परागकणाचा, शेंगदाण्याचा, दुसऱ्या माणसाच्या रक्तपेशीचा, अगदी स्वतःच्या थायरॉइड ग्रंथीचाही असेल. अँटिजेन ही पदार्थाची जात नाही, ती त्यानं निभावलेली भूमिका आहे. एकेका विषाणूत अशी अनेक अँटिजेन असतात आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी. म्हणून "अँटिजेन पॉझिटिव्ह आलं" एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठल्या विषाणूचं, त्यातलं कुठलं, आणि ते रक्तात सापडलं की नाकातल्या स्वॅबमध्ये, हे सांगितलंत की बोलता येतं.

आणि अँटिबॉडी?

त्या तुकड्याला धरण्यासाठी शरीरानं बनवलेलं प्रथिन. मराठी पुस्तकांत अँटिजेनला प्रतिजन म्हणतात, अँटिबॉडीला कुठे प्रतिपिंड तर कुठे प्रतिद्रव्य. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक, त्याचा या दोघांशी संबंध नाही आणि विषाणूवर ते चालतही नाही. वर्तमानपत्रांत या चारही शब्दांची सरमिसळ होते, म्हणून या पानावर मी अँटिजेन आणि अँटिबॉडी हेच शब्द ठेवले आहेत. रिपोर्टवरही तेच असतात.

रिपोर्टवर एका ओळीत शेवटी "एजी" आहे आणि दुसऱ्या ओळीत "एबी". चुकून छापलंय का?

चूक नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. एजी म्हणजे अँटिजेन, एबी म्हणजे अँटिबॉडी. हेपटायटिस बी मध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर विषाणूचा संसर्ग अंगात आहे. एचबीएसएबी पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही सुरक्षित आहात, बहुधा लसीमुळे. दुसऱ्याला अँटी-एचबीएस असंही लिहितात. फोनवर घाईघाईत रिपोर्ट वाचून दाखवताना या एका अक्षरानं घरात रडारड झालेली आहे. रिपोर्ट फोनवर वाचू नका, फोटो पाठवा.

नावात अँटिजेन आहे, पण लॅबवाले म्हणतात ही अँटिबॉडीची तपासणी. कसं काय?

इथं नावं ठेवणाऱ्यांनीच घोळ घातला आहे. एपस्टाइन-बार (मानेच्या गाठी सुजवणारा ताप आणणारा) विषाणूच्या रिपोर्टवर "व्हीसीए आयजीएम", "व्हीसीए आयजीजी" असं असतं. व्हीसीए म्हणजे व्हायरल कॅप्सिड अँटिजेन, विषाणूच्या कवचाचं अँटिजेन. पण आम्ही रक्तात ते कवच शोधत नाही. त्या कवचाविरुद्ध तुमच्या शरीरानं केलेली आयजीएम किंवा आयजीजी अँटिबॉडी शोधतो. आयजीएम ही आधी बनणारी, आयजीजी ही नंतर बनून बराच काळ टिकणारी. ओळीत कुठेही आयजीएम, आयजीजी किंवा "अँटी" दिसलं, तर मोजलेली वस्तू अँटिबॉडी आहे असं समजा, मग आधी काहीही लिहिलेलं असो.

याच विषाणूच्या ईबीएनए या तपासणीत शेवटचा "ए" अँटिजेनचा. संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या एएनए मध्ये मात्र शेवटचा "ए" अँटिबॉडीचा, आणि तिथं विषाणूचा प्रश्नच नाही: शरीरानं स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी केली आहे का, एवढंच ती तपासणी बघते. रुग्णानं हे ओळखावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते, पण नावं आता बदलणार नाहीत.

डेंग्यूचं एनएस१ पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय सापडलं?

जुलै ते नोव्हेंबर हा प्रश्न रोज येतो, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरला की दहा प्रथिनं तयार करवून घेतो. त्यातली तीन विषाणूचं अंग बनवायला लागतात. उरलेली सात पेशीच्या आत राबतात, नव्या विषाणूच्या बांधणीत त्यांचा तुकडा जात नाही. म्हणून त्यांना नॉन-स्ट्रक्चरल, म्हणजे एनएस म्हणतात. एनएस१ हे त्यातलं पहिलं. त्याचं वेगळेपण असं की बाधित पेशी ते थेट रक्तात सोडतात, भरपूर प्रमाणात.

म्हणजे गंमत बघा: एनएस१ विषाणूनं करवून घेतलेलं आहे, पण ते विषाणूच्या कणात नसतं. रक्तात ते सापडलं याचा अर्थ, या क्षणी तुमच्या पेशींमध्ये डेंग्यूचा विषाणू वाढतो आहे. एवढी थेट बातमी फार थोडी अँटिजेन देतात. ताप आला त्या पहिल्या दिवसापासून ते सापडू शकतं, तर आयजीएम अँटिबॉडी बनायला चार-पाच दिवस जातात. म्हणून तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम, असा तपासणीचा क्रम ठरला आहे. सरकारी यंत्रणा दोन्ही तपासण्या एलायझा पद्धतीनं (पट्टीवर नव्हे, लॅबमधल्या यंत्रावर) झालेल्या धरते. आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडून येतात. पट्टीवरच्या रॅपिड किटवर आलेला निकाल सरकारी व्याख्येत "संभाव्य" या बाजूला राहतो. पेपरातला डेंग्यूचा आकडा आणि तुमच्या बिल्डिंगमधल्या पेशंटची संख्या जुळत नाही, त्याचं एक कारण हे.

एनएस१ निगेटिव्ह आलं, तरी डॉक्टर डेंग्यूच म्हणतायत. लॅब चुकली?

बहुधा नाही. दोन शक्यता आहेत. पहिली, तुम्ही सहाव्या-सातव्या दिवशी आलात आणि एनएस१ ओसरलं. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: तुम्हाला डेंग्यू दुसऱ्यांदा झाला आहे. डेंग्यूचे चार सिरोटाइप, म्हणजे अँटिबॉडीला वेगळे वाटणारे प्रकार, आहेत, आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात अनेकांना एखादा नकळत होऊन गेलेला असतो. जुन्या अँटिबॉडी शिल्लक असल्या की त्या एनएस१ला लगेच धरून ठेवतात, आणि धरून ठेवलेलं एनएस१ आमच्या किटला दिसत नाही. वाईट हे की दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू गंभीर व्हायची शक्यता जास्त असते. आधीच्या सिरोटाइपच्या अँटिबॉडी नव्या सिरोटाइपला अडवू शकत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला मदत करतात. म्हणजे जिथं जास्त जपायचं तिथंच रिपोर्ट निगेटिव्ह यायची भीती. डॉक्टर लक्षणांवर विश्वास ठेवतायत, बरोबर करतायत.

एनएस१चा आकडा खूप मोठा आलाय. आजार जास्त आहे का?

आकड्यावरून तसं ठरवता येत नाही. आणि ताप उतरला म्हणून सुटलो असंही समजू नका: डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरतानाच येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, जेव्हा एनएस१ कमी होऊ लागलेलं असतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, यातलं काही दिसलं तर एनएस१ पुन्हा करायला लॅबमध्ये येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. पपईच्या पानांबद्दल मला विचारू नका.

लग्नाआधीच्या तपासणीत "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" लिहिलंय. आमच्याकडचं कुणी ऑस्ट्रेलियाला गेलेलंच नाही.

जायची गरज नाही. बरूख ब्लुमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६०च्या दशकात जगभरातले रक्ताचे नमुने एकमेकांशी पडताळून पाहत होते. वारंवार रक्त घ्यावं लागलेल्या एका रुग्णाच्या रक्तातली अँटिबॉडी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातल्या कशाला तरी चिकटली. ते "कशाला तरी" म्हणजे ऑस्ट्रेलिया अँटिजेन. त्याचा हेपटायटिस बी शी संबंध आहे हे नंतर उलगडलं, ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हेपटायटिस दिन झाला. भारताचा राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ साली याच तारखेला सुरू झाला. अँटिजेनचं आजचं नाव एचबीएसएजी, म्हणजे हेपटायटिस बी सरफेस अँटिजेन. जुने डॉक्टर अजून जुनंच नाव लिहितात. तपासणी तीच.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात विषाणू भरलेत?

एचबीएसएजी हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन. हेपटायटिस बी चा विषाणू हे आवरण गरजेपेक्षा कित्येक पटींनी जास्त बनवून घेतो. रक्तात त्याची नुसती रिकामी गोळ्यांसारखी कणं फिरत असतात, सुमारे २२ नॅनोमीटरची. आत जनुकं असलेला पूर्ण विषाणू ४२ नॅनोमीटरचा, आणि एका पूर्ण विषाणूमागे रिकामे कण हजारोंनी. वाशीच्या एपीएमसीत एप्रिल-मे मध्ये हापूसच्या रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या दिसल्या तर आंब्याचा धंदा चालू आहे हे कळतं, पण आज किती आंबा उतरला ते पेट्या मोजून कळत नाही. एचबीएसएजीचं तसंच. यकृतात विषाणूचं काम चालू आहे हे ते पक्कं सांगतं, किती जोरात चालू आहे ते सांगत नाही. त्यासाठी डॉक्टर एचबीव्ही डीएनए, म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची मोजणी) करायला सांगतात, सोबत यकृताच्या तपासण्या.

एकदा पॉझिटिव्ह आलं की लगेच "कायमचा" हा शिक्का बसत नाही. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी राहिलं तर त्याला क्रॉनिक म्हणतात. मोठ्या माणसाला नव्यानं झालेला संसर्ग बहुतेक वेळा आपोआप जातो. जन्मताना आईकडून बाळाला झालेला मात्र बहुतेक वेळा राहतो. म्हणूनच गरोदरपणात ही तपासणी करतात आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस देतात. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही.

आणि हो, एकत्र जेवल्यानं, एकच टॉयलेट वापरल्यानं हा पसरत नाही. सुनेची ताटवाटी वेगळी काढणाऱ्या सासूबाईंनी हे दोनदा वाचावं.

एस, ई आणि सी अशी तीन अँटिजेन सांगितली. तिन्ही करायची का?

तिन्हीचा उपयोग वेगवेगळा.

एस म्हणजे वर सांगितलेलं आवरण.

ई म्हणजे एचबीईएजी. इंटरनेटवर ठिकठिकाणी "ई फॉर एन्व्हलप" वाचायला मिळतं, ते चूक. आवरण म्हणजे एस. ई हे विषाणूच्या गाभ्याच्या जनुकापासूनच तयार होणारं, पण पेशीबाहेर सोडलं जाणारं प्रथिन. ते सापडलं तर विषाणू जोमात वाढतोय आणि संसर्ग पसरवायची शक्यता जास्त. सापडलं नाही तर मात्र निश्चिंत होता येत नाही. काही विषाणूंमध्ये असा बदल झालेला असतो की ते एचबीईएजी बनवतच नाहीत, आणि तरी वाढत राहतात. अशा वेळी "ई निगेटिव्ह" हा शब्द दिलासा देणारा वाटतो, पण तसा तो नसतो.

सी म्हणजे कोअर, गाभा. हे अँटिजेन आवरणाच्या आत दडलेलं, त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीत ते शोधतच नाहीत. त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी, अँटी-एचबीसी, शोधतात. त्यातली आयजीएम आली तर संसर्ग बहुधा ताजा. एकूण अँटी-एचबीसी आली तर विषाणूशी कधी ना कधी खरी गाठ पडलेली आहे. लस घेतलेल्याला फक्त अँटी-एचबीएस येते, अँटी-एचबीसी येत नाही, कारण लसीत गाभा नसतोच. लस म्हणजे ती रिकामी आवरणं, यीस्टमध्ये बनवलेली. भारतात अशी लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली आणली, तेव्हापासून ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली.

मागच्या आठवड्यात हेपटायटिस बी ची लस घेतली आणि आता एचबीएसएजी पॉझिटिव्ह!

लसीतलंच अँटिजेन काही दिवस रक्तात दिसू शकतं. डॉक्टरांना लसीची तारीख सांगा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. मधल्या काळात कुणाला काही सांगत बसू नका.

लस लागू पडली का हे कसं बघायचं?

अँटी-एचबीएसचा आकडा. १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे असं धरतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी केला तर उत्तम. नर्सेस, लॅबमधले, डायलिसिसवरचे यांनी जरूर करावा. बाकीच्यांना सहसा गरज नसते.

कोविडची रॅपिड अँटिजेन निगेटिव्ह आणि आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, असं कसं?

दोन्ही तपासण्या वेगळ्या गोष्टी शोधतात. आरटीपीसीआर विषाणूचा आरएनए शोधते आणि त्याच्या प्रती वाढवत नेते, त्यामुळे अगदी थोडा असला तरी पकडते. अँटिजेन तपासणीत वाढवणं नाही, प्रथिन जेवढं स्वॅबमध्ये आलं तेवढंच. म्हणून २०२० साली आयसीएमआरनं नियमच केला होता की लक्षणं आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह, तर आरटीपीसीआर करायचीच. उलट बाजूही लक्षात घ्या: बरं झाल्यावर कित्येक दिवस आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येत राहते, तेव्हा अँटिजेन निगेटिव्ह असणं हीच जास्त खरी बातमी असते.

लस घेऊन अँटिबॉडी तपासली तर शून्य. लस फुकट गेली?

२०२१ मध्ये याच प्रश्नावरून लॅबमध्ये भांडणं झाली. कोविडच्या विषाणूची दोन अँटिजेन तपासणीसाठी वापरतात: बाहेरचं एस, म्हणजे स्पाइक, आणि आतलं एन, म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिड. कोविशील्डमुळे शरीर फक्त स्पाइक बनवतं. ती घेतलेल्या माणसाची अँटिबॉडी एनविरुद्धच्या किटवर तपासली तर निगेटिव्हच येणार, त्यात लसीचा दोष नाही. कोव्हॅक्सिन म्हणजे निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू, तिथं दोन्हीविरुद्ध अँटिबॉडी येऊ शकते. रिपोर्टवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं "कोविड अँटिबॉडी", आणि कशाविरुद्ध ते खाली बारीक अक्षरांत, नाहीतर नाहीच. यात मी लॅबवाल्यांचाच दोष मानते.

एकच अक्षर वेगवेगळ्या रिपोर्टवर वेगळं कसं?

कारण प्रत्येक क्षेत्रानं आपापली अक्षरं वाटून घेतली, एकमेकांना न विचारता. नमुने बघा.

एच: फ्लूच्या एच१एन१ मध्ये एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, विषाणू पेशीला चिकटतो ते प्रथिन. टायफॉइडच्या विडाल तपासणीतल्या "टीएच"मध्ये एच म्हणजे जिवाणूच्या शेपटीचं अँटिजेन, आणि टायफॉइड हा विषाणूचा आजारच नव्हे. रक्तगटात एच हे तिसरंच अँटिजेन, ज्यावर ए आणि बी बांधले जातात. ज्यांच्यात हे एचच नाही त्यांचा बाँबे ब्लड ग्रुप, जो डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधला. साध्या तपासणीत हे लोक ओ गटाचे वाटतात, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही, कारण ओ च्या पेशींवर एच अगदी भरभरून असतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं तर धावपळ होते, म्हणून क्रॉस-मॅच (देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आधी जुळवून बघणं) कधी टाळायची नसते.

एन: फ्लूत न्यूरामिनिडेज, कोविडमध्ये न्यूक्लिओकॅप्सिड, डेंग्यूच्या एनएस मध्ये नुसतं "नॉन".

एस: हेपटायटिस बी मध्ये सरफेस, कोविडमध्ये स्पाइक.

ई: डेंग्यू आणि कोविडमध्ये खरोखरच एन्व्हलप, हेपटायटिस बी मध्ये नाही.

डी: रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ठरवणारं आरएच डी. आणि पोलिओच्या इंजेक्शनची मात्रा "डी-अँटिजेन युनिट"मध्ये मोजतात, तो डी पोलिओच्या अखंड विषाणूच्या अँटिजेनचा. विषाणू तापवला की त्याचं रूप बदलतं आणि ते सी-अँटिजेन होतं.

फ्लूच्या रॅपिड किटवर "इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह" आलं. हा स्वाइन फ्लू का?

त्या किटवरून सांगता येत नाही. रॅपिड किट विषाणूच्या आतलं न्यूक्लिओप्रोटीन शोधतं. त्यावरून ए की बी एवढं कळतं. एच१ की एच३ हे बाहेरच्या प्रथिनावर ठरतं, त्याला पीसीआर लागते. २००९ साली साथ आणणारा एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झाला आहे, त्यामुळे "स्वाइन" या शब्दाला घाबरण्यात अर्थ उरलेला नाही. दम लागतोय का, याकडे बघा.

फ्लूची लस दरवर्षी, गोवरची आयुष्यात दोनदा. असा भेदभाव का?

फ्लूचा विषाणू आपली बाहेरची अँटिजेन थोडी थोडी बदलत राहतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. कधीतरी दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच पेशीत भेटून जनुकांची अदलाबदल करतात आणि एकदम नवं एच बाहेर येतं, ती शिफ्ट. ड्रिफ्टमुळे लस दरवर्षी नवी करावी लागते, शिफ्टमुळे जागतिक साथ येऊ शकते. बातम्यांमध्ये दोन्हीला "म्युटेशन" म्हणून मोकळे होतात. गोवरच्या विषाणूत जनुकीय प्रकार अनेक आहेत, पण अँटिबॉडीच्या दृष्टीनं सगळे एकच, म्हणजे सिरोटाइप एक. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या विषाणूपासून केलेली लस आजही चालते. २०२२ साली मुंबई, भिवंडीत गोवर उसळला तो विषाणू बदलला म्हणून नव्हे, लहान मुलांच्या लसी राहून गेल्या म्हणून.

मग स्ट्रेन, व्हेरियंट, सिरोटाइप, जीनोटाइप हे सगळं एकच?

सिरोटाइप म्हणजे अँटिबॉडीला वेगळा वाटणारा. जीनोटाइप म्हणजे जनुकं वाचल्यावर वेगळा दिसणारा. या दोन्हींची व्याख्या पक्की आहे. स्ट्रेन आणि व्हेरियंट शास्त्रज्ञसुद्धा सैल वापरतात, तेव्हा त्यावर वाद घालू नका.

"ओरिजिनल अँटिजेनिक सिन" हे काय प्रकरण आहे? पाप कुणाचं?

थॉमस फ्रान्सिस यांनी १९६०मध्ये दिलेलं नाव, बायबलमधल्या आदिपापावरून. त्यांना दिसलं की लहानपणी फ्लूचा जो पहिला विषाणू भेटतो त्याची आठवण प्रतिकारयंत्रणा आयुष्यभर जपते. पुढं वेगळा फ्लू आला तरी आधी जुन्याच अँटिबॉडी वर काढते. कधी हे उपयोगी पडतं, कधी नव्यासाठी ताज्या अँटिबॉडी कमी पडतात. हल्ली "इम्यून इंप्रिंटिंग" म्हणतात, आणि ते बरं आहे. जुनं नाव कोविडच्या काळात लसविरोधी पोस्टमध्ये फार फिरलं. पाप या शब्दामुळेच.

अँटिजेन आणि इम्युनोजेन यात फरक काय? बारावीच्या पुस्तकात वेगळं, कॉलेजात वेगळं.

हंगेरीचे लास्लो डेट्रे यांनी १८९९च्या सुमारास अँटिजेन हा शब्द वापरात आणला तेव्हा त्याचा अर्थ होता अँटिबॉडी निर्माण करायला लावणारा पदार्थ. नंतर कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं की काही छोटे रेणू अँटिबॉडीला चिकटतात, पण एकट्यानं ती निर्माण करवू शकत नाहीत. मोठ्या प्रथिनाला जोडले गेले तरच करवतात. त्यांना हॅप्टेन म्हणतात. पेनिसिलिनची ॲलर्जी अशीच होते: औषधाचा रेणू आपल्या प्रथिनांना चिकटतो आणि मग प्रतिकारयंत्रणा खवळते. तेव्हापासून काटेकोर लिहिणारे "प्रतिसाद जागवतो तो इम्युनोजेन" आणि "ओळखला जातो तो अँटिजेन" असं म्हणतात. प्रत्येक इम्युनोजेन अँटिजेन असतो, प्रत्येक अँटिजेन इम्युनोजेन नसतो. परीक्षेत हे लिहा. लॅबमध्ये मात्र सगळे दोन्हीला अँटिजेनच म्हणतात, आणि लसीच्या पाकिटावरही तेच छापतात.

वडिलांचं पीएसए वाढलंय. त्यात "अँटिजेन" आहे, म्हणजे प्रोस्टेटला विषाणू लागला?

नाही. पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीनंच बनवलेलं प्रथिन. प्रोस्टेटचा अर्क प्राण्यांना टोचून मिळालेल्या अँटिबॉडींनी ते ओळखलं गेलं, म्हणून नावात अँटिजेन राहिलं. वयानं ग्रंथी मोठी झाली, लघवीचा संसर्ग झाला, कॅन्सर असला, तिन्हीत ते वाढू शकतं. कॅन्सरच्या संदर्भात करतात त्या सीए-१२५, सीईए या तपासण्यांची नावंही याच वळणाची. बोन मॅरो किंवा किडनी प्रत्यारोपणाच्या वेळी सांगतात ते एचएलएसुद्धा ल्यूकोसाइट अँटिजेन. ते माझं माझ्यासाठी काहीच नाही, तुमच्या शरीरात गेलं तर अँटिजेन.

"रिॲक्टिव्ह" आणि "पॉझिटिव्ह" एकच का?

लॅब "रिॲक्टिव्ह" लिहिते तेव्हा म्हणायचं असतं की किटनं प्रतिसाद दिला. रोग आहे असं ठरवायला त्यावर आणखी एक पायरी असते. एचआयव्ही, हेपटायटिस बी, सी मध्ये हा शब्द मुद्दाम वापरतात. रिॲक्टिव्हवरून आधीच सगळं संपलं असं समजू नका. "इक्विव्होकल" किंवा "बॉर्डरलाइन" आलं तर ठरलेल्या अंतरानं पुन्हा रक्त द्यायचं, दुसऱ्याच दिवशी नव्हे.

एचआयव्हीच्या रिपोर्टवर "पी२४" लिहिलंय, ते काय?

विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन, वजनावरून नाव पडलेलं. चौथ्या पिढीच्या तपासणीत पी२४ अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही एकदम शोधतात. अँटिजेन आधी येतं, त्यामुळे संसर्ग लवकर पकडला जातो. तरीही सुरुवातीच्या साधारण दोन आठवड्यांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. बऱ्याच किटमध्ये रिॲक्टिव्ह आलं ते अँटिजेनमुळे की अँटिबॉडीमुळे हे कळत नाही, म्हणून पुढच्या तपासण्या लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात हे सगळं मोफत होतं, समुपदेशनासह, आणि २०१७च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. ऐरोली-रबाळेतल्या एखाद्या कंपनीनं नोकरीसाठी मागितली तरी नाही.

नौपाड्यातल्या लॅबचा आकडा वेगळा, नेरुळच्या लॅबचा वेगळा. कुणाचं खरं?

दोघांचंही असू शकतं. बहुतेक अँटिजेन-अँटिबॉडी तपासण्यांत "इंडेक्स" किंवा "एस/सीओ" नावाचा आकडा असतो: तुमच्या नमुन्याचा सिग्नल भागिले त्या किटची सीमारेषा. किट बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे एका लॅबचा ८ आणि दुसरीचा ४० यांची तुलना होत नाही. मागोवा घ्यायचा असेल तर सगळ्या वेळी एकाच लॅबमध्ये जा. क्वचित असंही होतं की नमुन्यात अँटिजेन प्रचंड असल्यामुळेच निकाल कमी किंवा निगेटिव्ह येतो. शंका आली तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगता येतं. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे आकडे वरखाली होतात, अशा वेळी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस गोळी थांबवून मग रक्त दिलेलं बरं.